अडकलेल्या बंदुकीचं पाप कुणाचं?

न कापणारी कात्री वाईट. न उघडणारी छत्री वाईट. पाणी न खेचणारा पंप वाईट. वस्तू ज्या कामासाठी बनवली ते काम तिला जमलं नाही की आपण तिला वाईट म्हणतो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मग ऐन वेळी न उडणारी बंदूक?

इथं जीभ जराशी अडखळते. बंदुकीचं काम माणसाला मारणं, किंवा मरणाची भीती घालणं. ते तिला जमलं नाही तर बंदूक म्हणून ती वाईट ठरली. पण ज्याच्यावर ती रोखली होती त्याला विचारा. त्याच्या लेखी जगात तिच्याहून चांगली बंदूक नाही.

यूट्यूबवर ‘इतिहासातल्या सगळ्यात वाईट बंदुका’ अशा याद्यांचे ढीगभर व्हिडिओ आहेत. मी ते आवडीनं बघतो. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या माणसाला दुसऱ्याच्या फसलेल्या डिझाइनइतकं सुख क्वचितच कशात मिळतं. या याद्यांत पहिल्या महायुद्धातली फ्रेंच शोशा मशीनगन हमखास असते. तिच्या अर्धचंद्राकृती मॅगझिनला एका बाजूनं खिडक्या ठेवल्या होत्या. किती गोळ्या उरल्या ते सैनिकाला दिसावं म्हणून. कल्पना चांगलीच होती. पण युद्ध खंदकांत चाललं होतं, आणि त्या खिडक्यांतून चिखल आत जायचा. व्हिडिओवाला हसतो, आपणही हसतो, पुढची बंदूक येते.

हसून झालं की एक गोष्ट मात्र डोक्यात राहते. त्या बंदुकीमागं कुणीतरी होतं. समोरून माणसं धावत येत होती आणि हातातलं यंत्र बंद पडलं होतं. ते यंत्र त्यानं निवडलेलं नव्हतं. मग वाईट बंदूक नेमकी कुणासाठी वाईट असते? आणि तिचं पाप कुणाच्या खात्यावर मांडायचं?

चारच्या दोन हालचाली

पहिलं उदाहरण कॅनडाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बोअर युद्धाच्या काळात, कॅनडाला ब्रिटनकडून हव्या तेवढ्या ली-एन्फील्ड रायफली मिळेनात. तेव्हा आपली रायफल आपणच बनवायची असं तिथल्या सरकारनं ठरवलं. सर चार्ल्स रॉस हे स्कॉटलंडचे श्रीमंत जमीनदार आणि हुशार संशोधक पुढं आले. क्वेबेकमध्ये कारखाना उभा राहिला.

त्या काळच्या नेहमीच्या रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर चार हालचाली कराव्या लागत. बोल्टचा दांडा वर उचला, मागं ओढा, पुढं ढकला, खाली दाबा. रॉसनी चारच्या दोन केल्या. सरळ मागं, सरळ पुढं. कागदावर हा मोठा फायदा होता. शिवाय नेम अतिशय अचूक. नेमबाजीच्या स्पर्धांत रॉस रायफली गाजल्या.

पण गाळलेल्या त्या हालचाली फुकट नव्हत्या. दांडा वर उचलताना बोल्ट फिरतो आणि त्या फिरण्याच्या जोरानं आत घट्ट बसलेलं रिकामं काडतूस सैल होतं. डब्याचं रुतलेलं झाकण सरळ ओढून निघत नाही, आधी पिळावं लागतं, तसंच. रॉसमध्ये पिळण्याचा हा जोर सैनिकाच्या हाताला फारसा मिळत नव्हता. मैदान कोरडं आणि काडतूस अगदी मापात असेल तोवर याची कुणाला जाणीवही झाली नसती.

एप्रिल १९१५. बेल्जियममधलं ईप्र. २२ तारखेला जर्मन सैन्यानं पश्चिम आघाडीवर पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर क्लोरीन वायू सोडला. कॅनडाचं पहिलं डिव्हिजन तिथंच होतं. त्यांच्या हातात रॉस रायफली, आणि पुरवठ्यात ब्रिटनमध्ये बनलेली काडतुसं. ही काडतुसं कॅनडातल्या काडतुसांइतकी काटेकोर मापाची नव्हती, आणि रॉसचं चेंबर, म्हणजे काडतूस जिथं बसतं तो नळीचा मागचा भाग, तंग होतं. भराभर गोळ्या झाडल्या, नळी तापली, चिखल गेला की बोल्ट जागीच रुतायचा. सैनिक बुटानं लाथा मारून आणि खंदक खणायच्या हत्याराच्या दांड्यानं ठोकून तो उघडत होते. त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे ५,००० कॅनेडियन पायदळ सैनिकांपैकी १,४५२ जणांनी रॉस फेकून देऊन मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या होत्या.

यापेक्षा स्पष्ट फीडबॅक कुठल्या युजरनं कुठल्या कंपनीला दिला असेल?

तरीही तो वर पोचायला वेळ लागला. कॅनडाचे संरक्षणमंत्री सॅम ह्यूज हे रॉसचे वर्षानुवर्षांचे कैवारी. रायफलवरची टीका त्यांना स्वतःवरची टीका वाटायची. कॅनेडियन कोअरचे सेनापती जनरल अल्डरसन यांनी तक्रारी गोळा करून वर कळवल्या, तेव्हा ह्यूजनी त्यांनाच झापणारं पत्र लिहिलं आणि त्याच्या प्रती अल्डरसन यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना वाटल्या. मे १९१६ मध्ये अल्डरसन यांची ती जबाबदारी गेली. त्याच वर्षी रॉसही आघाडीवरून हटली, आणि नोव्हेंबरमध्ये ह्यूज यांचं मंत्रिपदही गेलं. पण क्रम लक्षात घ्या. ‘रायफल अडकते’ असं सांगणारा माणूस रायफलीच्या पायगुणानं गेला.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. रॉस हटल्यावरही कॅनडाच्या स्नायपर लोकांनी ती सोडली नाही. स्नायपर रायफल स्वच्छ ठेवतो, काडतुसं निवडून घेतो, एक गोळी झाडून वाट बघतो. त्याच्या हातात ती अप्रतिम होती. म्हणजे रॉस सरसकट वाईट नव्हती. ती वेगळ्या माणसासाठी, वेगळ्या दिवसासाठी बनली होती आणि भलत्याच माणसाच्या हातात, भलत्याच दिवशी दिली गेली. तो ‘देण्याचा’ निर्णय पोलादात नव्हता. तो एका टेबलावर झाला होता.

चाचणीला एक दारू, युद्धाला दुसरी

दुसरं उदाहरण व्हिएतनामचं, आणि सॉफ्टवेअरवाल्याला ते जास्त झोंबतं.

युजीन स्टोनर या इंजिनिअरनं आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक हलकी रायफल बनवली. पुढं कोल्ट कंपनीनं तिचे हक्क घेतले आणि अमेरिकन सैन्यात ती एम-१६ या नावानं आली. रायफल हलकी, गोळी लहान, त्यामुळे सैनिकाला जास्त काडतुसं बाळगता येत. सुरुवातीच्या चाचण्यांत ती छान चालली.

मग बदल झाले. स्टोनरची रायफल एका विशिष्ट दारूवर बेतलेली होती. सैन्यानं काडतुसांसाठी दुसरी, गोल दाण्यांची दारू घेतली. तिनं रायफल आखल्यापेक्षा जास्त वेगानं चालायला लागली आणि आत राख-कचराही जास्त साचायला लागला. दमट हवेत चेंबर गंजू नये म्हणून त्याला क्रोमचा मुलामा द्यावा, हा धडा अमेरिकन सैन्य दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर शिकलं होतं. एम-१६ मध्ये तो मुलामा गाळला गेला. त्यात ‘ही नव्या जमान्याची रायफल, हिला फारशी साफसफाई लागत नाही’ असा समज पसरला. साफ करायचं सामान पुरेसं पोचलंच नाही.

यातला एकेक बदल सुटा घेतला तर कुणीही त्यावर सही केली असती. सगळे एकत्र आले ते व्हिएतनामच्या जंगलात. गोळी सुटायची, पण रिकामं काडतूस चेंबरमध्ये चिकटून राहायचं. मग उपाय एकच: जुनी ठासणीची बंदूक असावी तशी नळीच्या तोंडातून गज घालून ते मागं ढकलायचं. समोरून गोळ्या येत असताना. आणि गज तरी प्रत्येकाकडे कुठं होता? १९६७ च्या वसंतात खे सानजवळच्या टेकड्यांवरच्या लढाईनंतर मरीन सैनिकांची घरी पत्रं गेली. आपले मेलेले सोबती उघडलेल्या रायफलींशेजारी सापडले, मरताना ते रायफल दुरुस्त करत होते, असं त्यांत लिहिलेलं होतं. ती पत्रं वर्तमानपत्रांत आणि अमेरिकन काँग्रेसमध्ये पोचली.

काँग्रेस सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या समितीनं चौकशी केली. ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात, दारूतला दोष माहीत असून कारवाई न करणं हे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या उंबरठ्यावर जाणारं आहे, अशा अर्थाचा ठपका सैन्याच्या अधिकाऱ्यांवर ठेवला गेला. त्या चौकशीतून निघालेली एक गोष्ट वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. नव्या दारूवर रायफल ठरलेल्या वेगमर्यादेत बसत नव्हती. म्हणून कारखान्यातून माल स्वीकारण्याच्या चाचण्या जुन्या दारूवर घ्यायची परवानगी कोल्टला देण्यात आली. व्हिएतनामला काडतुसं जात होती ती नव्या दारूची.

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद. इथं तो विनोद राहिला नव्हता, सही-शिक्क्याचा कागद झाला होता. ज्या रायफली पास झाल्या त्या खरोखरच पास झाल्या होत्या. कुणी आकडे खोटे लिहिले नव्हते. फक्त जिथं माणसं मरणार होती ती परिस्थिती चाचणीतून वगळली होती.

पुढं चेंबरला क्रोम लागला, इतर सुधारणा झाल्या, साफसफाईचं सामान आलं, आणि रायफल कशी सांभाळावी हे शिकवणारी चक्क एक कॉमिक पुस्तिका विल आइस्नर या नामवंत चित्रकाराकडून करून घेतली गेली. रायफल सुधारली. तिचे वंशज आजही वापरात आहेत.

‘नीट साफ करत नाहीत’

या दोन्ही कहाण्यांत एक वाक्य सारखंच ऐकू येतं. व्हिएतनामच्या तक्रारींवर पहिलं उत्तर होतं: पोरं रायफल साफ करत नाहीत. रॉसच्या बाबतीतही दोष आधी काडतुसांवर आणि वापरावर गेला.

आपल्याकडेही हे वाक्य पोचलेलं आहे. इन्सास रायफलीचा आराखडा पुण्यात, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत तयार झाला. १९९९ च्या कारगिल युद्धात तिच्याबद्दल तक्रारी आल्या: कडाक्याच्या थंडीत मॅगझिनला तडे जातात, रायफल अडकते. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानं माओवाद्यांशी झालेल्या एका मोठ्या चकमकीनंतर, लढाईत इन्सास बिघडल्याचं सांगितलं. भारताकडून उत्तर गेलं, की वापर चुकीचा झाला असावा, हवं तर प्रशिक्षण देऊ.

सैनिकाचं कधीच चुकत नाही असं मला म्हणायचं नाही. घाण साचलेली रायफल अडकणारच. पण वापरणारा दमलेला असेल, भिजलेला असेल, घाबरलेला असेल, त्याला पुरेसं शिकवलेलं नसेल, हे सगळं डिझाइन करणाऱ्याला आधीच माहीत असतं. बंदुकीच्या बाबतीत तर हाच तिचा नेहमीचा युजर. जे हमखास होणार आहे त्याला ‘चूक’ म्हणणं ही पळवाट झाली. पावसात भिजते म्हणून छत्रीनं पावसाला दोष द्यावा, तसं.

वापरणाऱ्याला न ओळखणं म्हणजे नुसता चिखल आणि थंडी विसरणं नव्हे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल यंत्र म्हणून उत्तम होती. जुन्या ब्राऊन बेसच्या मानानं तिचा पल्ला आणि नेम कितीतरी पुढचा. पण तिचं कागदी काडतूस चरबी लावलेलं असायचं, आणि कवायतीच्या नियमाप्रमाणे ते दातांनी फोडायचं होतं. ती चरबी नेमकी कुठल्या जनावराची, याची खातरजमा नीट झालीच नव्हती. हिंदू आणि मुसलमान शिपायाच्या तोंडात ते काडतूस जाणार आहे, हा विचार करायला रसायनशास्त्र लागत नव्हतं. शिपाई माणूस आहे एवढं ध्यानात ठेवायचं होतं. पुढं कंपनीनं दातांऐवजी हातानं काडतूस फाडायची पद्धत आणली. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठला ती नवी पद्धत दाखवण्यासाठीच परेड बोलावली गेली, आणि ९० पैकी ८५ जणांनी काडतुसाला हात लावायला नकार दिला. दुरुस्ती आली होती. विश्वास संपला होता. ९ मे रोजी त्यांना सगळ्यांसमोर बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी काय झालं ते आपण शाळेत शिकतो.

आता वाईट बंदुकीची माझी व्याख्या मांडतो. बंदूक किती माणसं मारते यावर तिचं हे वाईटपण ठरत नाही. निर्णय एकाच्या हातात आणि धोका दुसऱ्याच्या अंगावर, हे अंतर जेवढं मोठं तेवढी ती वाईट. आणि धोका ज्याच्या अंगावर आला त्यालाच दोषीही ठरवलं, की हे वाईटपण पुरतं होतं.

उलटं उदाहरणही आहे. १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीत ब्रिटनची प्रचंड शस्त्रं फ्रान्समध्येच राहिली. त्यानंतरच्या घाईत स्टेन गन आली. पत्रा ठोकून, सांधे जोडून बनवलेली, स्वस्त, ओबडधोबड. तिचं मॅगझिन त्रास द्यायचं, खाली पडली तर ती आपसूक सुटायचीही. पण ती काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पर्याय होता रिकाम्या हाताचा. स्टेनला मी कच्ची बंदूक म्हणेन. पण एम-१६ च्या चाचणीत जो अप्रामाणिकपणा होता तो तिच्यात नव्हता.

‘बग राहिला तर राहू दे’

इथवर मी सगळा विचार बंदुकीच्या दस्त्याकडून केला. नळीच्या तोंडासमोर जो उभा आहे त्याचं काय?

माझा एक कॉलेजमधला मित्र ड्रोनचं सॉफ्टवेअर लिहितो. मी लिहितो बिलिंगचं. माझ्याकडं बग राहिला तर कुणाच्या तरी बिलावर जीएसटी दोनदा लागतो. त्याच्या ड्रोनखाली काय टांगलेलं असतं ते त्याला माहीत आहे. एकदा रात्री उशिरा फोनवर तो म्हणाला, “खरं सांगू का तुला? कधीकधी एखादा बग दिसतो आणि वाटतं, राहिला तर राहू दे. नाही चाललं तर निदान कुणी मरणार तरी नाही.”

“मग सोड ना नोकरी.”

“अरे, घराचा हप्ता आहे. आणि मी सोडली तर दुसरा येईल. तो सगळे बग काढेल.”

त्याच्या बोलण्यात दया होती, हे मला नाकारायचं नाही. तो युक्तिवादही टाकाऊ नाही. न उडालेल्या गोळीनं कुणी मरत नाही, हे तर खरंच. पण तो खरा धरून इतिहासात थोडं फिरून आलं की पायाखालची जमीन हलते.

३० जानेवारी १८३५. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर संसदेच्या इमारतीत रिचर्ड लॉरेन्स नावाच्या माणसानं जवळून पिस्तूल झाडलं. ते उडालं नाही. त्यानं दुसरं काढलं. तेही उडालं नाही. एक खून टळला. पण ज्यांचा जीव वाचला त्या जॅक्सननी १८३० मध्ये मूळनिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवरून हुसकावणाऱ्या कायद्यावर सही केली होती, आणि त्याच धोरणातून पुढं चेरोकी लोकांना सक्तीनं पश्चिमेला नेताना हजारो माणसं वाटेत मेली.

२७ मे १९४२. प्राग. नाझी राजवटीतला अत्यंत क्रूर अधिकारी राइनहार्ड हायड्रिख याची उघडी मोटार वळणावर हळू झाली. योझेफ गाबचिकनं समोर येऊन स्टेन गन रोखली, चाप ओढला. गन अडकली. सोबतच्या यान कुबिशनं बॉम्ब फेकला म्हणून हायड्रिख जखमी झाला आणि ४ जूनला मेला. त्याचा सूड म्हणून नाझींनी लिडित्से हे गाव पुसून टाकलं.

न उडालेली पिस्तुलं चांगली ठरली का? अडकलेली स्टेन वाईट ठरली का? ती तेव्हाच नीट चालली असती तर काय टळलं असतं, काय वाढलं असतं? कितीही हिशेब केला तरी उत्तर हाती लागत नाही, आणि कारण साधं आहे. बिघाड कुणाची बाजू घेत नाही. तो समोर कोण आहे हे बघत नाही. ओलसर हवा जॅक्सनसाठी आली नव्हती, आणि प्रागच्या वळणावर स्टेन हायड्रिखसाठी अडकली नव्हती. माझ्या मित्राचा बगही कुणाला वाचवायचं ते निवडणार नाही. लक्ष्य चुकवून तो ड्रोन रिकाम्या शेतात पडेल, तसा शेजारच्या घरावरही पडेल.

गांडीव खाली ठेवणं आणि गांडीव न चालणं

ऐन वेळी दगा देणारं शस्त्र आपल्याला महाभारतापासून ओळखीचं आहे. कर्णाच्या रथाचं चाक रुतलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा परशुरामाच्या शापामुळे त्याला अस्त्र आठवत नाही. मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर अर्जुन द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन निघतो, वाटेत आभीर लुटारू चालून येतात, आणि गांडीवाला दोरी चढवताना त्याच अर्जुनाची दमछाक होते. अस्त्रं स्मरत नाहीत. डोळ्यांदेखत स्त्रिया पळवल्या जातात.

या दोन्ही प्रसंगांना कुणी अहिंसा म्हणत नाही. पहिला शाप आहे, दुसरा एका युगाचा अस्त.

पण गांडीव हातातून सुटण्याचा आणखी एक प्रसंग आहे. कुरुक्षेत्रावर, युद्धाच्या आधी. अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो आणि म्हणतो, मी लढणार नाही. त्यानंतर जे सांगितलं गेलं ते पटो न पटो, तो नकार खरा होता. तो उघडपणे, दोन सैन्यांच्या मध्ये केलेला होता. त्याची किंमत द्यायला तो स्वतः तिथं बसलेला होता. ते टाकलेलं धनुष्य उत्तम स्थितीत होतं.

बग राहू देणं आणि गांडीव खाली ठेवणं यात हाच फरक आहे. नकार देणारा निर्णय स्वतःकडे घेतो. बग ठेवणारा निर्णय कुणा अनोळखी माणसावर ढकलतो: त्या ड्रोनवर विसंबलेल्या जवानावर, त्या शेजारच्या घरावर, नशिबावर. पगार घेतो आणि मनाला म्हणतो, मी तसा त्यांच्यातला नाहीच. ईप्रच्या खंदकातल्या पोराला कुणी बूट मारत बोल्ट उघडायला लावला त्याचा हेतू वाईट नव्हता. उद्या एखाद्याचा हेतू अगदी शांततेचा असेल. त्या पोराला दोन्हींत काहीच फरक पडत नाही.

चांगल्या बंदुकीचं ओझं

मग निष्कर्ष असा काढायचा का, की बंदूक उत्तम बनवा आणि निवांत झोपा? तेही जमत नाही. त्यासाठी मिखाइल कलाश्निकोव्हकडे बघायला हवं.

१९४१ मध्ये जखमी होऊन रुग्णालयात पडलेल्या या रशियन सैनिकानं पुढं जी रायफल घडवली ती वर सांगितलेल्या सगळ्या बंदुकांचं उत्तर होती. एके-४७ चे आतले भाग मुद्दाम सैल बसवलेले. वाळू गेली, चिखल गेला, तरी चालते. शिकायला सोपी, साफ करायला सोपी. दमलेला, घाबरलेला, अर्धवट शिकलेला सैनिक गृहीत धरून ती बनवली होती. त्याला दोष न देता, तो जसा आहे तसा स्वीकारून. युजरवर इतकी माया केलेलं शस्त्र विरळाच.

आणि याच मायेमुळे ती दहा-बारा वर्षांच्या पोरालाही चालवता येते. आफ्रिकेतल्या युद्धांत लहान मुलांच्या हाती ती दिली गेली, कारण तिच्या लेखी सगळे युजर सारखेच.

कलाश्निकोव्ह डिसेंबर २०१३ मध्ये ९४ व्या वर्षी गेले. त्यांनी २०१२ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांना एक पत्र लिहिलं होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, जानेवारी २०१४ मध्ये ‘इझ्वेस्तिया’ या वृत्तपत्रात आलं. आपल्या रायफलीनं माणसांचे जीव घेतले असतील तर त्या मृत्यूंना आपण जबाबदार आहोत का, मग ती माणसं शत्रू का असेनात, असा त्यांचा प्रश्न होता, आणि मनाला होणारी वेदना असह्य आहे असं त्यांनी लिहिलं होतं. देशाच्या रक्षणासाठी शस्त्र वापरलं जात असेल तर चर्च ते बनवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या पाठीशी आहे, अशी चर्चची बाजू होती. या उत्तरानं त्यांची वेदना किती कमी झाली असेल याची मला शंका आहे. ज्याची बंदूक कधी अडकली नाही त्यालाही झोप लागत नव्हती.

म्हणून मला वाटतं, शस्त्र बनवणाऱ्याच्या नावावर दोन वेगळी खाती असतात. एक नळीसमोरच्या माणसाचं. दुसरं दस्त्यामागच्या माणसाचं. पहिल्या खात्यात फेड करायची ती कामाला हात लावण्याआधी: हे बनवावं का, कुणासाठी, कुणाच्या हाती जाईल. तिथं ‘नाही’ म्हणता येतं, आणि म्हणायचं तर ते तिथंच, मोठ्यानं. एकदा हो म्हटलं की दुसरं खातं उघडतं, आणि मग प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चाचणी, प्रत्येक ओळ त्या भिजलेल्या, घाबरलेल्या माणसाची देणी असते. एका खात्यातली चोरी दुसऱ्या खात्यात पुण्य म्हणून जमा होत नाही. मित्राची तीच गल्लत होत होती. आणि कलाश्निकोव्हना उतारवयात कळलं ते याच्या उलटं: दुसरं खातं कितीही चोख ठेवलं तरी पहिलं आपोआप फिटत नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे तलवार, कोयता, करवत, एसटीची बस आणि हल्ली लॅपटॉप या सगळ्यांना एकच झेंडूचं फूल मिळतं. शस्त्र आणि अवजार यांत आपल्या आज्यांनी फार मोठी भिंत घातली नाही. मला ते पटतं. फूल वाहताना हात जोडायचे ते यंत्राला, आणि प्रश्न विचारायचे ते स्वतःला. चाचणी कुठल्या दारूवर घेतली? खरी परिस्थिती कुणी वगळली, आणि त्या कागदावर सही कुणाची? ‘वापरणाऱ्याची चूक’ असं लिहून तक्रार बंद करण्याआधी त्याच्या खंदकात कुणी जाऊन आलं होतं का? आणि ‘हे अडकतंय’ असं जो सांगत होता, तो माणूस आज कुठं आहे?